१५४ मोलिब्डेनमचं चाक द्रावणात आपोआप बनतं म्हणजे नक्की काय होतं? आणि कुठे थांबायचं हे त्याला कसं कळतं?

निळंद्रावण:

नमस्कार मंडळी. इनऑरगॅनिकमध्ये एमएस्सीचं दुसरं वर्ष चालू आहे, सेमिनारला विषय घेतलाय मोठमोठे मेटल ऑक्साइड क्लस्टर (धातू आणि ऑक्सिजनचे बांधीव पुंजके) आणि त्यांची सेल्फ-असेंब्ली, म्हणजे आपली आपण होणारी जुळणी. घेताना वाटलं होतं की आकृत्या इतक्या सुंदर आहेत, मजा येईल, आणि मजा येतेच आहे, पण दोन आठवडे वाचतेय आणि एका ठिकाणी पार अडकलेय.

म्हणजे बघा, सोडियम मोलिब्डेट पाण्यात विरघळवलं, ॲसिड टाकून पीएच १ च्या आसपास आणला, थोडा रिड्युसिंग एजंट (इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ) टाकला, द्रावण गडद निळं झालं, आणि त्या निळ्या द्रावणात म्हणे एक चाक तयार झालेलं असतं ज्यात मोलिब्डेनमचे १५४ अणू असतात. (पुढे मी मो-१५४ असंच लिहिते.) जर्मनीत बिलेफेल्ड विद्यापीठात आखिम म्युलर यांच्या ग्रुपने १९९५ मध्ये त्याची रचना एक्स-रेने काढली, चाकाचा व्यास साडेतीन नॅनोमीटरच्या आसपास. त्याच लोकांनी १९९८ मध्ये मो-१३२ हा पोकळ गोळा दाखवला आणि २००२ मध्ये मो-३६८, जो लिंबासारखा आहे आणि आकाराने जवळजवळ हिमोग्लोबिनएवढा!

आता माझी अडचण. सुरुवातीला द्रावणात फक्त सुटे मोलिब्डेट आयन असतात, एक मोलिब्डेनम आणि भोवती चार ऑक्सिजन, बस. बाहेरून कुणी काही जोडत नाहीये. वाचते त्या प्रत्येक ठिकाणी "सेल्फ-असेंब्लीने तयार होतो" एवढं एक वाक्य येतं आणि लेखक पुढे जातो. पण मोजतं कोण? १५४ च का, १५३ का नाही? आणि एवढं वाढतंच आहे तर थांबतं कशाला, वाढत वाढत सरळ मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड होऊन तळाशी का बसत नाही? शिवाय इतकी नीटनेटकी गोष्ट आपली आपण तयार होणं हे एन्ट्रॉपीच्या उलट नाही का जात?

आणि एक छोटी शंका, फॉस्फेटच्या टेस्टमध्ये जो निळा रंग येतो तो हाच का?


अष्टफलक:

प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. "सेल्फ-असेंब्ली" हा शब्द उत्तर म्हणून वापरला जातो, खरं तर तो प्रश्नाचंच नाव आहे. मी या क्लस्टरवर बरीच वर्षं काम केलंय तर जमेल तसं सांगतो, लांबेल थोडं.

आधी थांबण्याचं बघू, कारण ते कळलं की बाकीचं सोपं जातं. सिलिकेटच्या द्रावणात ॲसिड टाकलं की काय होतं? जेल होते. सिलिकॉनच्या भोवती जे ओएच असतात ते सगळे सारखेच तयार असतात, एकमेकांना भेटले की पाणी सोडून जुळतात, मग पुढचा, मग पुढचा, थांबायला कारणच नाही. मोलिब्डेनम, टंगस्टन, व्हॅनेडियम यांचं तसं नाही. यांच्या सर्वात वरच्या ऑक्सिडेशन स्टेटला डी ऑर्बिटल रिकामे असतात, त्यामुळे एखादा ऑक्सिजन धातूशी डबल बाँडसारखा घट्ट बसतो. तो टोकाचा ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन धातूला देऊन मोकळा झालेला असतो, त्याला प्रोटॉन घ्यायची किंवा दुसऱ्या धातूशी पूल बांधायची फारशी ओढ उरत नाही. म्हणजे प्रत्येक अष्टफलकाच्या (मधे धातू, भोवती सहा ऑक्सिजन) एका बाजूला जणू दार लावलंय. असे अष्टफलक कडा आणि टोकं जुळवून एकत्र येतात तेव्हा ही बंद दारं बाहेरच्या बाजूला राहतात, आणि पूर्ण क्लस्टरला पुढे वाढायला बाहेर जागा कमी उरते. म्हणून मोलिब्डेटमध्ये ॲसिड टाकल्यावर एकदम जेल न होता आधी हेप्टामोलिब्डेट येतो (७ मोलिब्डेनम, २४ ऑक्सिजन), आणखी ॲसिड केलं की मो-३६ येतो. भरमसाट ॲसिड घातलं तर ट्रायऑक्साइडचा हायड्रेट खाली बसतोच, तुझी ती शंका बरोबर आहे. क्लस्टर हे सुटा आयन आणि घन ऑक्साइड यांच्या मधलं स्टेशन आहे.

पण ३६ वरून १५४ वर जायचं कसं? इथे रिडक्शन लागतं. मोलिब्डेनमला इलेक्ट्रॉन दिला की क्लस्टरवरचा निगेटिव्ह चार्ज वाढतो, ऑक्सिजन जास्त बेसिक होतात, प्रोटॉन घेतात, पाणी बाहेर पडतं आणि जुळणी पुढे सरकते. काही बंद दारं पुन्हा उघडली म्हण. म्हणून हे राक्षसी क्लस्टर जवळजवळ सगळे अर्धवट रिड्यूस झालेले असतात. पूर्ण ऑक्सिडाइज्ड, नुसत्या मोलिब्डेनमच्या क्लस्टरमध्ये ३६ च्या पुढे फारसं काही हाती लागत नाही.

आता मोजण्याचं. १५४ ला ११ ने भाग. १४ येतात. चाकात १४ सारखे तुकडे आहेत, प्रत्येकात ८ चा एक भाग, २ चा एक आणि एक सुटा मोलिब्डेनम, ८ अधिक २ अधिक १, गुणिले १४. द्रावण १५४ मोजत नाही, ते फार तर १४ मोजतं. आणि तेही काही दगडावरची रेघ नाही, कारण परिस्थिती थोडी बदलली की १६ तुकड्यांचं चाक मिळतं, १६ गुणिले ११, मो-१७६. दोन्ही चाकं खरीखुरी, दोन्हींची स्फटिकरचना काढलेली आहे.

त्या ८ च्या भागाकडे नीट बघ, सगळी गंमत तिथे आहे. मधोमध एक मोलिब्डेनम ज्याच्याभोवती ७ ऑक्सिजन, म्हणजे पंचकोनी बायपिरॅमिड, आणि त्याच्या पाच कडांना चिकटून पाच अष्टफलक. झाला सहा मोलिब्डेनमचा पंचकोन. त्याला टोकांनी जोडलेले आणखी दोन अष्टफलक, झाले ८. हा पंचकोन या सगळ्या कुटुंबाचा मूळ पुरुष आहे. फरशीवर षटकोनी लाद्या बसवल्या तर बसत जातात, कितीही मोठी फरशी करा. पंचकोनी लाद्या बसवायला घ्या, फट राहते. फट बुजवायची तर पृष्ठभाग वाकवावा लागतो, आणि वाकलेला पृष्ठभाग कधी ना कधी स्वतःलाच येऊन मिळतो. फुटबॉलवर १२ पंचकोन असतात ते याच कारणाने. कुठे थांबायचं हे क्लस्टरला कळत नाही, पंचकोनाने आणलेला बाक त्याला गोल फिरवून आणतो आणि दोन टोकं भेटली की काम संपतं.

फॉस्फेटच्या निळ्याबद्दल दुसरं कुणीतरी लिहा, माझा चहा गार झाला 🙂


जुनाकेमिस्ट:

फॉस्फेटचं मी लिहितो.

तो निळा आणि हा निळा वेगळे, आणि ही गल्लत खूप जण करतात कारण दोघांनाही "मोलिब्डेनम ब्लू" च म्हणतात. फॉस्फेट टेस्टमध्ये आधी फॉस्फोमोलिब्डेट तयार होतो, म्हणजे केगिन क्लस्टर. मधे फॉस्फरस, भोवती १२ मोलिब्डेनम, ४० ऑक्सिजन, आकार साधारण एक नॅनोमीटर. नायट्रिक ॲसिड आणि अमोनियम मोलिब्डेट टाकल्यावर जो पिवळाधमक साका येतो तो हाच, बर्झेलियसने १८२६ मध्येच नोंदवलेला. रचना मात्र कळायला १९३३ उजाडलं, केगिनने टंगस्टनच्या भावंडावर एक्स-रेने काढली. हाच केगिन ॲस्कॉर्बिक ॲसिडने रिड्यूस केला की निळा होतो आणि ८८० नॅनोमीटरला मोजतात, पाण्यातला फॉस्फेट मोजायची मर्फी आणि रायली यांची १९६२ ची पद्धत तीच. पिंजरा तसाच राहतो, फक्त त्यात इलेक्ट्रॉन जातात.

तुमचा चाकाचा निळा यापेक्षाही जुना आहे. शीले या स्वीडिश केमिस्टने अठराव्या शतकात मोलिब्डेनमची निळी द्रावणं पाहून लिहून ठेवली होती. म्हणजे दोनशे वर्षांवर हे निळं द्रावण लोकांच्या बाटल्यांमध्ये होतं आणि त्यात नक्की काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं! कारणही साधं, ते स्फटिक व्हायला मागत नाही. प्रचंड विद्राव्य, वर पाण्याचं आवरण, त्यामुळे सुकवलं तर आकारहीन निळी पूड मिळायची आणि लोक वेगवेगळी सूत्रं लिहायचे. १९९५ चा पेपर आला तेव्हा मी रिसर्चला होतो, ग्रंथालयात उभ्या उभ्या वाचला. त्या चाकाचं चित्र मी अजून विसरलो नाही.

दोन्हीकडे निळा का, तर कारण एका जातीचं आहे. काही मोलिब्डेनम पाच ऑक्सिडेशन स्टेटचे, काही सहाचे, आणि ऑक्सिजनच्या पुलावरून इलेक्ट्रॉन इकडून तिकडे उडी मारतो, त्याला लाल आणि त्यापुढचा प्रकाश लागतो, म्हणून आपल्याला उरलेला निळा दिसतो. मो-१५४ मध्ये असे २८ इलेक्ट्रॉन चाकभर पसरलेले असतात, प्रकाश शोषण्याचे बँड ७५० नॅनोमीटरच्या आसपास आणि १०५० च्या आसपास. मो-१३२ मात्र निळा नाही, तो तपकिरी आहे, हे सेमिनारमध्ये नक्की सांगा, कारण त्यात ६० मोलिब्डेनम पाच स्टेटचे असूनही इलेक्ट्रॉन मोकळे फिरत नाहीत, दोन दोन मोलिब्डेनमच्या जोडीत धातू-धातू बाँड करून अडकून बसलेले असतात.


निळंद्रावण:

बापरे, दोघांनाही मनापासून धन्यवाद. ११ ने भागायचं हे इतकं समोर होतं आणि मला दिसलंच नाही. पंचकोनाचं वाचून मी मो-१३२ पण तसाच मोडून बघितला, १२ पंचकोन गुणिले ६ म्हणजे ७२, आणि २ च्या ३० जोड्या म्हणजे ६०, बेरीज १३२. आयकोसाहेड्रॉनला (वीस त्रिकोणी बाजूंची घनाकृती) शिरोबिंदू १२ आणि कडा ३०, म्हणजे पंचकोन शिरोबिंदूंवर आणि जोड्या कडांवर. बरोबर ना? हे जुळल्यावर मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या.

पण एन्ट्रॉपीचं अजून राहिलंय. मी असं लिहू का, की जुळताना पाण्याचे रेणू सुटतात म्हणून एकूण एन्ट्रॉपी वाढते?

आणि अजून एक. पंचकोन समजा तयार झाले. ते १४ पंचकोन नेमके गोल उभे राहून चाक करतील, की दोन दोन चिकटून भलतंच काही करतील, हे कशावरून ठरतं? बाक आहे हे मान्य, पण त्याच बाकातून एकदा चाक आणि एकदा गोळा कसा येतो?


स्फटिकवेळ:

एन्ट्रॉपीचं वाक्य तसं लिहू नकोस, कुणीतरी पकडेल. समीकरण बॅलन्स करून बघ. चाकाचं आयन म्हणजे मोलिब्डेनम १५४, ऑक्साइडचे ऑक्सिजन ४६२, हायड्रोजन १४, त्यावर बसलेलं पाणी ७०, चार्ज उणे १४. १५४ मोलिब्डेट घे, २८ इलेक्ट्रॉन दे, तर प्रोटॉन लागतात ३२२ आणि पाणी सुटतं फक्त ८४. म्हणजे पावणेपाचशे आयन आत गेले आणि बाहेर आले ८५ कण. नुसते कण मोजले तर एन्ट्रॉपी कमीच होताना दिसते.

मग प्रक्रिया पुढे का जाते? दोन गोष्टी. एक, प्रोटॉन ऑक्साइडच्या ऑक्सिजनला जाऊन मिळतो आणि पाणी होतं त्यात चांगली ऊर्जा बाहेर पडते, मोलिब्डेटचं ॲसिडमधलं कंडेन्सेशन उष्णता सोडणारं आहे. दुसरी, ते जे शेकडो छोटे आयन होते त्या प्रत्येकाने आपल्याभोवती पाण्याचे रेणू जखडून ठेवले होते, ते सुटे झाले, आणि हे पाणी समीकरणात दिसतच नाही. फ्री एनर्जी बघायची, एकट्या एन्ट्रॉपीवर भार टाकायचा नाही. नीटनेटकेपणाची किंमत आजूबाजूचं पाणी भरतं असं म्हण हवं तर.

आणि एक फार महत्त्वाचं जे वर कुणी लिहिलं नाही: हे सगळे बाँड तयार होतात तसे तुटतातही. पाण्यात, त्या पीएचला, ऑक्सिजनचे पूल उघडझाप करत असतात. चुकीचा जुळलेला तुकडा सुटतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. बाँड जर एकदा झाला की कायमचा झाला असं असतं तर १५४ अणूंची चूक न होता रचना मिळणं अशक्य होतं, काचेसारखा गोंधळ मिळाला असता. त्यामुळे सेमिनारमध्ये एक वाक्य ठळक करायचं असेल तर मी हे करेन.

तरी चुका राहतातच बरं का. चाकातल्या २ वाल्या जोड्या कधी कधी गहाळ असतात. दोन जोड्या नसल्या की १५४ चे १५० होतात, आणि असे नमुने मिळालेले आहेत. तेव्हा "१५३ का नाही" याचं उत्तर असं की एकेक अणू नाही तर तुकडा येतो किंवा तुकडा जातो.

चाक की गोळा, यावर माझं मत सांगतो. ग्लासगोच्या ली क्रोनिन यांच्या ग्रुपचा २०१० चा प्रयोग वाच. त्यांनी फ्लास्कऐवजी फ्लो सिस्टिम लावली, मोलिब्डेट, ॲसिड आणि रिड्युसिंग एजंट सतत आत येतायत आणि द्रावण सतत बाहेर जातंय, त्यामुळे जी गोष्ट एरवी क्षणभर असते आणि नाहीशी होते ती टिकवून धरता आली. आणि त्यांना काय मिळालं, तर मो-१५० च्या चाकाच्या मधोमध बसलेला मो-३६! म्हणजे आधी मो-३६ तयार होतो, त्याच्याभोवती चाक जुळतं, चाक पूर्ण झालं की मधला निघून जातो. मातीच्या भांड्यासाठी आत साचा ठेवावा आणि नंतर काढून घ्यावा तसं. आकार साचा ठरवतो.


अष्टफलक:

स्फटिकवेळ, उघडझाप करणाऱ्या बाँडचं तू लिहिलंस ते बरं झालं, माझ्याकडून राहिलं होतं. पण शेवटच्या वाक्याशी माझं जमत नाही. त्या प्रयोगाबद्दल मला फार आदर आहे, मधला टप्पा प्रत्यक्ष स्फटिकात पकडणं ही साधी गोष्ट नाही, पण त्यावरून "आकार साचा ठरवतो" असा सरसकट नियम काढता येत नाही. तो एका चाकाचा पुरावा आहे. मो-१३२ च्या गोळ्यात असा मधला साचा पकडलेला नाही, तिथे आकार ठरतो तो लिगंडमुळे (धातूला येऊन चिकटणारा आयन किंवा रेणू) आणि पीएचमुळे.

कसा ते सांगतो. गोळा करताना पीएच ४ च्या आसपास ठेवतात आणि द्रावणात भरपूर ॲसिटेट असतं. पाच स्टेटच्या दोन मोलिब्डेनमची जोडी तयार झाली की ॲसिटेट तिच्यावर पुलासारखा बसतो आणि ती जोडी स्थिर होते. ३० जोड्या, ३० ॲसिटेट. आता पंचकोनांना जोडायला हातात फक्त याच एका मापाच्या, दोन्ही बाजूंनी सारख्या जोड्या असल्या, तर १२ पंचकोनांचा आयकोसाहेड्रॉन हा सगळ्यात सरळ मार्ग उरतो. चाकाच्या वेळी ॲसिटेट नसतं, पीएच १ असतो, तिथे २ चे तुकडे वेगळे असतात आणि सोबत तो सुटा एकेकटा मोलिब्डेनमही असतो, त्यामुळे बाक एकाच दिशेने राहतो आणि कडं तयार होतं. पंचकोन तोच, सांधा बदलला.

याचा सगळ्यात छान पुरावा म्हणजे सांधाच बदलून टाकायचा. ३० जोड्यांच्या जागी ३० आयर्न घातले, ७२ मोलिब्डेनम आणि ३० आयर्नचा गोळा मिळतो, तसाच आयकोसाहेड्रॉनच्या नियमाचा, पण सांधा आखूड म्हणून गोळा लहान, साधारण अडीच नॅनोमीटर, जेव्हा मो-१३२ तीनच्या जवळ आहे. क्रोमियम घालूनही होतो. म्हणजे १२ पंचकोन जागेवर, कडांवर काय ठेवायचं ते आपण निवडू शकतो. या गोळ्यांना केप्लरेट म्हणतात ते यासाठी, केप्लरने ग्रहांच्या कक्षांसाठी एकात एक बसवलेल्या घनाकृतींची कल्पना केली होती, तशा आकृत्या यात एकात एक बसलेल्या दिसतात.

आणि निळंद्रावण, तुझी १३२ ची मोडणी अगदी बरोबर आहे.


स्फटिकवेळ:

मान्य, "साचा ठरवतो" जरा जास्तच जोरात लिहिलं गेलं. चाकापुरतं म्हणतो. पण मला वाटतं की आणखी ठिकाणी असे मधले टप्पे सापडतील, आपण फ्लास्कमध्ये आठवडाभर ठेवून शेवटी जे स्फटिक पडलं तेवढंच बघतो आणि त्याआधी काय काय येऊन गेलं ते दिसत नाही. स्फटिक म्हणजे द्रावणातलं जे सगळ्यात आधी कंटाळून खाली बसलं ते, द्रावणात सगळ्यात जास्त जे आहे तेच असेल असं नाही.


अष्टफलक:

हे मात्र शंभर टक्के. सेमिनारमध्ये हे वाक्य घे.


कणमापक:

उशिरा आलोय पण इथे एक अख्खा मजला राहिला की! तुम्ही सगळे चाकापाशी थांबलात, चाकांचं पुढे काय होतं ते कुणी सांगितलंच नाही. मी लाइट स्कॅटरिंग करतो, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून द्रावणातल्या कणांचं माप काढतो, म्हणून मला हेच जास्त जवळचं.

मो-१५४ पाण्यात विरघळला म्हणजे चाकं सुटी सुटी पोहत असतील असं आपण धरतो. २००३ मध्ये तियानबो लिऊ आणि म्युलर यांच्या लोकांनी दाखवलं की तसं नाही. ही चाकं एकत्र येऊन पोकळ गोळे करतात, त्रिज्या सरासरी ४५ नॅनोमीटर, एका गोळ्यात साधारण ११६५ चाकं, आणि भिंत फक्त एका चाकाच्या जाडीची. आत पाणी. ब्लॅकबेरीच्या फळासारखे दिसतात म्हणून नाव पडलं ब्लॅकबेरी.

आता साबणाचे रेणू पोकळ गोळे करतात ते कळतं, एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला नाही. इथे तसं काहीच नाही! चाकाचा कण न् कण पाण्यावर प्रेम करणारा, वर सगळ्यांवर निगेटिव्ह चार्ज, म्हणजे एकमेकांना ढकलायला हवेत, आणि तरी एकत्र येतात. कारण मधे अडकलेले पॉझिटिव्ह आयन, दोन निगेटिव्ह मोठ्या आयनांमध्ये बसून ते दोघांना धरतात, शिवाय पृष्ठभागावरच्या पाण्याचे हायड्रोजन बाँड. सोडियम क्लोराइडसारखे साधे छोटे आयन असं करत नाहीत, आणि मोठ्या कोलॉइडचे कण तर सरळ गोळा होऊन खाली बसतात. दोन्हीच्या मधल्या मापाचं हे वेगळंच वागणं आहे.

७२ मोलिब्डेनम ३० आयर्नवाल्यावर तर हे फारच छान दिसतं. त्याच्या आयर्नवर पाणी बसलेलं असतं, ते पाणी प्रोटॉन सोडतं, म्हणून पीएच बदलून आपण गोळ्याचा चार्ज कमी-जास्त करू शकतो. पीएच ३ च्या खाली चार्ज जवळजवळ नाही, आणि ब्लॅकबेरीही नाही, सुटे राहतात. पीएच वाढवा, चार्ज आला, ब्लॅकबेरी होते. अजून वाढवा, ब्लॅकबेरीची त्रिज्या कमी कमी होत जाते. म्हणजे चार्ज नसला तरी जमत नाही आणि फार झाला तरी जमत नाही. ४२ चार्जचा मो-१३२ नुसत्या पाण्यात एकत्र येत नाही, थोडं ॲसिटोन घातलं की येतो, कारण पॉझिटिव्ह आयन त्याला जास्त चिकटतात. आणि हे घाईचं काम नाही. आयर्नवाल्याला रूम टेंपरेचरला आठवडे लागतात, सुरुवातीला बराच काळ मशीनवर काही म्हणजे काही दिसत नाही आणि मग वक्र वर चढायला लागतो. व्हायरसची प्रोटीन कवचं जुळतात तेव्हा वक्र असाच येतो.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग २०११ चा. आयर्नवाला आणि क्रोमियमवाला, दोघे मापाने, आकाराने, वजनाने जवळजवळ सारखे, एकाच भांड्यात मिसळले. ब्लॅकबेरी झाल्या, पण मिश्र नाही! आयर्नवाल्यांची वेगळी, क्रोमियमवाल्यांची वेगळी. आयर्नवरचं पाणी जास्त सहज प्रोटॉन सोडतं, त्यामुळे चार्जमध्ये थोडा फरक पडतो, आणि तेवढ्या फरकावर त्यांनी आपला कोण ते ओळखलं. ना डीएनए, ना प्रोटीन, नुसतं ऑक्साइड.


निळंद्रावण:

हे वाचून अंगावर काटा आला. सेमिनारचा क्रम बदलतेय, आधी सिलिकेटची जेल आणि मोलिब्डेटचं टोकाचं ऑक्सिजन, मग पंचकोन, मग सांधे, मग मो-३६ आतमध्ये असलेलं चाक, आणि शेवटी ब्लॅकबेरी. बॅलन्स केलेलं समीकरण पण टाकणार, रात्री स्वतः करून बघितलं, चार्ज दोन्हीकडे उणे १४ येतोय.

आता शेवटचा प्रॅक्टिकल प्रश्न. मला मो-१३२ करून दाखवायचा आहे. एकदा केला, अमोनियम हेप्टामोलिब्डेट, अमोनियम ॲसिटेट, हायड्राझिन सल्फेट, मग ॲसिटिक ॲसिड. रंग आधी निळसर हिरवा झाला, मला वाटलं की चुकून चाकाकडे गेलं म्हणून टाकून दिलं. टाकायला नको होतं का?


अष्टफलक:

नको होतं! तो निळसर हिरवा टप्पा येतोच, मग ॲसिडनंतर हळूहळू गडद तपकिरी होत जातो. ॲसिटिक ॲसिड घातल्यावर भांडं न हलवता उघडं ठेवून दे, चार दिवस, रूम टेंपरेचरला. लालसर तपकिरी स्फटिक तळाशी आणि कडांना दिसतील. रोज उचलून बघायचा मोह होतो, बघू नको. हायड्राझिन सल्फेट विषारी आहे आणि कॅन्सरचा धोका आहे, हातमोजे आणि फ्यूम हूड, यात सूट नाही, आणि उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतायचं नाही.


जुनाकेमिस्ट:

आणि मिळाल्यावर यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम काढा, ४५० नॅनोमीटरच्या आसपास बँड आला आणि ७५० ला काही नाही, तर गोळा आहे. ७५० ला डोंगर दिसला तर निळं काहीतरी सोबत आलंय, ९० टक्के इथेनॉलने धुऊन पुन्हा बघा.


निळंद्रावण:

आज सकाळी लावलाय. आता निळसर हिरवा आहे, भांड्यावर "हलवू नका" अशी चिठ्ठी चिकटवली. शुक्रवारी सांगते.